पहिलं वळण

सोमवार, ता. ४

प्रिय बोक्या,

पाय प्लास्टरमध्ये आणि जीभ मोकळी, अशी तुझी अवस्था असल्याचं मामाने सांगितलं. म्हणजे वसतिगृहातल्या बाकीच्यांची दयाच यायला हवी. तुमचे मोबाइल कपाटात कुलूपबंद असतात आणि ऑफिसातल्या फोनवर बोलायचं तर रेक्टर शेजारी कान टवकारून बसतात, म्हणून मी मामाला पटवलंय. तो रोज सकाळी इथून बस घेऊन निघतो, दुपारी तुमच्या गावाला पोचतो आणि संध्याकाळी परत फिरतो. आपलं टपाल त्याच्या सीटमागच्या खणात. स्वतःच्या मुलाची पत्रं पोचवायचं भाडं घेणार नाही म्हणालाय, उपकारच म्हणायचे.

आता खरी बातमी. आमच्या स्टेडियममध्ये स्फोट झाला. घाबरू नकोस, कुणाला काही लागलं नाही. शनिवारी सकाळी, मैदानात कुणी नसताना, दिव्यांच्या एका मनोऱ्याच्या पायथ्याशी काहीतरी फुटलं. विजेची पेटी उडाली, भिंतीला भगदाड पडलं. अप्पा त्या वेळी घरून निघायच्या तयारीत होते. रोजच्यासारखे लवकर गेले असते तर बरोब्बर तिथेच गवताला पाणी देत असते. आईने तेव्हापासून एकच धोशा लावलाय, की अंतिम सामना होईपर्यंत रजा घ्या. अप्पा म्हणतात, "मैदान काय आपोआप तयार होणार आहे?" सामना १७ तारखेला, रविवारी आहे. त्यांना रजा घ्यायला लावणं म्हणजे गोलपोस्टला चालायला लावणं.

आणि हे फक्त तुला सांगते. स्फोटाच्या आदल्या दिवशी अप्पांच्या चुन्याच्या गाडीवर एक कागद चिकटवलेला सापडला. रेघा मारायची ती गाडी, तू लहानपणी जिच्यात बसून पांढरा झाला होतास ती. कागदावर नुसते आकडे, जोड्याजोड्यांनी. अप्पांना वाटलं पोरांचा चावटपणा, त्यांनी तो मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर नेऊन ठेवला. आता तो पोलिसांकडे आहे. पण मी त्याआधीच उतरवून घेतला होता. आकडे दिसले की माझे हात शिवशिवतात, हे तुला माहीत आहे.

३-४, ४-२, ७-१, ८-२, ६-४

सुटलं तर कळव. नाही सुटलं तर 'प्लास्टरमुळे डोकं चालत नाही' असं कळव, मी समजून घेईन.

तुझी,
मुंगी


मंगळवार, ता. ५

चि. मुंगी हीस तिच्या अकरा महिन्यांनी मोठ्या असलेल्या मामेभावाचे आशीर्वाद.

डोकं चालतंय. पाय चालत नाही, एवढंच.

आधी मी प्रत्येक जोडीचं एक अक्षर करून पाहिलं. त्यातून जे तयार झालं ते वाचून शेजारच्या खाटेवरचा उंच उडीवाला म्हणाला, तुला ताप आहे. मग लक्षात आलं की पाच अक्षरांत कोण काय धमकी देणार? प्रत्येक जोडी एक अख्खा शब्द असला पाहिजे. पहिला आकडा ओळीचा, दुसरा त्या ओळीतल्या शब्दाचा. म्हणजे कुठेतरी एक मजकूर आहे, निदान आठ ओळींचा, ओळी आखूड. कागद तुमच्या स्टेडियममध्ये चिकटवला, म्हणजे मजकूरही तिथेच असणार, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा.

आठ ओळींचं तिथे काय आहे? जा, शोध. मला इथे भिंतीवर फक्त जेवणाचं वेळापत्रक दिसतं, आणि त्यातून धमकी आपोआपच मिळते.

अप्पांना म्हणावं सांभाळून. आत्याचं ऐका म्हणावं. ऐकणार नाहीत, तरी म्हण.

तुझा,
बोका


शुक्रवार, ता. ८

प्रिय बोक्या,

तू हुशार आहेस. हे वाक्य मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा कापून ठेव.

प्रत्येक दाराशी लावलेली 'प्रेक्षकांसाठी सूचना' ही पाटी! जन्मभर तिच्याखालून ये-जा करतेय मी. आठच ओळी आहेत. सगळ्या उतरवून देते, तुलाही लागतील:

१. तिकिटाशिवाय कोणालाही आत सोडले जाणार नाही.
२. सामन्याच्या आधी एक तास आत यावे.
३. पहिल्या दाराने आत, दुसऱ्या दाराने बाहेर.
४. वाहने वळणावर उभी करू नयेत.
५. लहान मुलांचा हात सोडू नये.
६. पाण्याची बाटली, छत्री, फटाके आणू नयेत.
७. दिवे गेल्यास जागा सोडू नये.
८. कचरा खाली टाकू नये.

आता लाव आकडे. 'दुसऱ्या वळणावर दिवे खाली फटाके.' दिव्यांच्या मनोऱ्याखाली, आणि तिथेच फुटलं! फक्त एक गंमत आहे. स्फोट दुसऱ्या कोपऱ्यात नाही, तिसऱ्या कोपऱ्यात झाला. म्हणजे गृहस्थाला बाँब करता येतो, पण चारपर्यंत मोजता येत नाही.

हे कळलं त्याच दिवशी, म्हणजे काल, दुसरा कागद मिळाला, गोलपोस्टला चिकटवलेला. आकडे होते ६-१, ६-२, ८-२, ४-१. 'पाण्याची बाटली खाली वाहने.' मी पाटीखाली उभी राहून वाचलं आणि मान वर केली, तर समोर वाहनतळावरची पाण्याची टाकी! धावत तपास करणाऱ्या इन्स्पेक्टरबाईंकडे गेले. आधी त्यांनी मला खुर्चीही दिली नाही. पण माणसं पाठवली, आणि टाकीच्या जिन्याखाली डबा सापडला. तो त्यांनी उघड्या माळावर नेऊन निकामी केला. त्यानंतर खुर्ची मिळाली आणि चहासुद्धा. बाई म्हणाल्या, "पुढचा कागद आला तर आधी तुला दाखवते."

मी सध्या जमिनीपासून वीतभर वरून चालते असं आई म्हणते. अप्पांना शेजाऱ्यांना तीच गोष्ट दोनदा सांगताना मी ऐकलं.

तुझी,
मुंगी


शनिवार, ता. ९

मुंगे,

शाबास. मनापासून. आता खाली उतर.

मी इथे खाटेवर पडून तुझा हेवा करतोय. चार महिने धावायचं नाही म्हणजे मला काय होतंय ते तुला नाही कळायचं. बुधवारी आमचे धावण्याचे जुने सर येतात तेवढाच काय तो विरंगुळा. एवढ्या लांब येतात, प्लास्टरवरून हात फिरवतात, जणू आतलं हाड त्यांना बोटांनी दिसतंय. मग कोडी घालतात. आठवतं तुला, आम्ही स्टेडियममध्ये सराव करायचो तेव्हाही धावता धावता कोडी घालायचे? उत्तर द्यायला दम उरला असेल, तर तू जोरात धावत नाहीयेस, असं त्यांचं म्हणणं. आणि चुकीचं उत्तर दिलं तर तिथल्या तिथे थांबवून दुरुस्त करायचे. शर्यत गेली तरी चालेल, पण चूक तशीच राहता कामा नये.

या बुधवारी मात्र गप्पगप्प होते. मी विचारलं, तर म्हणाले, "नव्या गॅलरीवर रंग मारतायत. तुमच्या ट्रॅकवर उभी आहे ती." गेल्या वर्षी ट्रॅक उखडला तेव्हापासून हा माणूस निम्मा झालाय. आम्ही तीस जण होतो, आता कोण कुठे आणि कोण कुठे. मला तरी त्यांनी खटपट करून इथे घातलं.

असो. तिसरा कागद आला की लगेच कळव. आणि सगळी खुर्ची एकटीने अडवू नकोस.

बोका


मंगळवार, ता. १२

बोक्या,

अप्पांना पोलिसांनी नेलं. आणि मीच त्यांना पकडून दिलं.

नीट लिहिते, नाहीतर तुला काही कळणार नाही. काल तिसरा कागद आला, पुन्हा चुन्याच्या गाडीवर. इन्स्पेक्टरबाईंनी कबूल केल्याप्रमाणे मला बोलावलं. मी त्यांच्या टेबलाशी बसून पाचेक मिनिटांत सोडवला. 'सामन्याच्या आधी पहिल्या वळणावर लहान मुलांचा हात सोडू नये.'

बाईंनी विचारलं, पहिलं वळण कुठलं? मी ताडकन म्हणाले, पहिला कोपरा, अप्पांच्या खोलीचा. आमच्या घरात कोपरे असेच मोजतात. मुख्य दाराशी गाडी लावायची, तिथून निघायचं, पहिला कोपरा अवजारांच्या खोलीचा, दुसरा पंपाचा, तिसरा, चौथा, आणि परत दाराशी. मी चालायला शिकले ती त्या गाडीमागे.

बाई म्हणाल्या, "बाहेरच्या कुणाला हे माहीत असतं?" मी काय म्हणाले माहीत आहे? फुशारकीने म्हणाले, "छे, हे फक्त आम्हालाच माहीत!"

मग त्यांनी खोली उघडायला लावली. बाँब नव्हता. पण गवताला घालायच्या खताची पोती होती, आणि त्या खताचं काय काय करता येतं ते त्यांच्याबरोबरच्या तज्ज्ञाला माहीत होतं. किल्ली अप्पांकडेच असते. दोन कागद त्यांच्याच गाडीवर. स्फोटाच्या दिवशी ते रोजच्यापेक्षा उशिरा निघाले. आणि कोड्यातले कोपरे त्यांच्याच घरच्या हिशेबाने, असं त्यांच्याच मुलीने सांगितलं. बाईंनी आवाज चढवला नाही, हातकड्या घातल्या नाहीत. "चला," एवढंच म्हणाल्या. अप्पा जाताना मला म्हणाले, "पंप बंद कर, नाहीतर पाणी साचेल." माझ्याकडे बघून म्हणाले, पण मला त्यांच्याकडे बघवलं नाही.

आई माझ्याशी बोलते, जेवायला वाढते. पण दोघींना एकच भीती आहे. सामन्याच्या दिवशी काही झालं तर अप्पांवर कायमचा शिक्का बसेल, आणि नाही झालं तरी म्हणतील, आत होता म्हणून झालं नाही.

फक्त तुझे सर येऊन गेले. कॉलनीतलं दुसरं कुणी आलं नाही. बराच वेळ बसले, आईला म्हणाले, "ते निर्दोष आहेत, हे मला माहीत आहे." खूप धीर आला. मला म्हणाले, रविवारी शाळेबरोबर नव्या गॅलरीत बसू नकोस, तिकडे ऊन फार लागतं, मुख्य दाराजवळ बस. सामना संध्याकाळी दिव्यांत आहे, पण एवढ्या मायेने सांगणाऱ्याला कोण चुका दाखवणार? या अवस्थेत मी सामना बघायला जाणार आहे असं त्यांना वाटलंच कसं, कोण जाणे.

काहीतरी सुचव. माझं डोकं बंद पडलंय.

मुंगी


बुधवार, ता. १३

मुंगे,

तू कुणाला पकडून दिलं नाहीस. तू तुझ्या घरच्या पद्धतीने मोजलंस, आणि लिहिणाऱ्याने त्याच्या. एवढीच चूक आहे.

अप्पा मैदानाभोवती कसे फिरतात? गाडीचं चुना सांडणारं तोंड उजव्या बाजूला आहे, म्हणून मैदान उजव्या हाताला ठेवून. आम्ही धावणारे मैदान डाव्या हाताला ठेवून धावतो, जगात कुठेही जा. दोघंही मुख्य दाराशी सुरू करतात, कारण शर्यतीची रेघही तिथेच होती. पण अप्पांचा चौथा कोपरा तो आमचं पहिलं वळण, आणि अप्पांचा तिसरा ते आमचं दुसरं.

पहिला स्फोट आठव. कागदावर दुसरं वळण, आणि फुटलं तुमच्या तिसऱ्या कोपऱ्यात. त्याला मोजता येत होतं. तो उलटा फिरत होता. आणि आपण दोघंही त्या वेळी हसलो.

म्हणजे तिसऱ्या कागदातली जागा अप्पांची खोली नाही, चौथा कोपरा आहे, नव्या गॅलरीखाली. इन्स्पेक्टरबाईंना हे सांग. अप्पांनी लिहिलं असतं तर पहिला स्फोट त्यांच्या दुसऱ्या कोपऱ्यात, पंपाशी झाला असता, हेही सांग. अप्पा सुटायला एवढं पुरे व्हावं.

लिहिणारा कुणीतरी धावणारा आहे. जुन्यांपैकी. बरेच होते.

प्लास्टरमध्ये खाज सुटलीय. थांबतो.

बोका


गुरुवार, ता. १४, सकाळी

बोक्या,

काल मामाने पत्र दिलं, तशी मी आईला घेऊन लगेच चौकीवर गेले. बाईंनी शांतपणे ऐकलं. कागदावर मैदान काढून दोन्ही बाजूंनी बोट फिरवून बघितलं. मग कुत्रं घेऊन माणसं चौथ्या कोपऱ्यात गेली. गॅलरीखालचा प्रत्येक खांब हुंगून झाला. काही सापडलं नाही.

बाई म्हणाल्या, "अजून ठेवलं नसेल, किंवा तू वडिलांसाठी गोष्ट रचत असशील. मला दोन्ही शक्य वाटतं." वाईट नाहीत त्या, पण त्यांच्या डोक्यावर रविवार आहे. म्हणाल्या, "धावणारा असं म्हणून मी कुणाला शोधू? नाव सांग."

नाव मला माहीत नाही. तुला माहीत आहे.

तू मला आयुष्यात एवढं छोटं पत्र कधी लिहिलं नाहीस. मांजर आडवं गेलं तरी दोन पानं भरतोस. 'बरेच होते' आणि खाज, आणि संपलं? काल बुधवार होता. सर आले होते की नाही, तेसुद्धा लिहिलं नाहीस. तू मूग गिळून बसला आहेस, आणि माझे अप्पा तिकडे बाकावर झोपतायत.

मला कारण नको. नाव हवं.

मुंगी


गुरुवार, ता. १४, दुपारी

मुंगे,

सर.

बाबा बस घेऊन परत निघायचे थांबलेत, म्हणून घाईत लिहितोय. मला काल कळलं होतं. वळणं मोजताना कळलं, आणि मग तू लिहिलेलं ते उन्हाचं. चौथ्या कोपऱ्याचा विचार आपणही केला नव्हता तेव्हा त्यांनी तुला तिथून उठवलं. काल ते आले नाहीत. पहिल्यांदाच चुकवलं. मला वाटलं, जागा सांगितली की बाँब सापडेल, अप्पा सुटतील आणि मला नाव घ्यावं लागणार नाही. तसं झालं नाही. तू रागावलीस ते बरोबर आहे.

माझं म्हणणं खोटं ठरलं तर मला अजूनही आवडेल. पण ते ठरवायचं कसं, ते सुचलंय. नुसतं नाव सांगून बाईंना काय उपयोग? सर सांगतील, मला यातलं काही माहीत नाही. म्हणून मी त्यांना आकड्यांतच चिठ्ठी लिहिली आहे, दुसरं एक अक्षर नाही. बाबा उद्या सकाळी त्यांच्या दारात टाकतील. आकडे असे:

२-१, २-२, २-५, ५-३, ५-४, ५-५

मला म्हणायचंय, 'सामन्याच्या आधी यावे, हात सोडू नये.' पण मी मुद्दाम एक चूक केली आहे. 'यावे' सहावा शब्द आहे, मी पाचवा लिहिलाय. नुसते आले तर त्याला पुरावा म्हणता येणार नाही, मला भेटायला ते येतातच. पण चूक दिसली की त्यांना राहवणार नाही. ते दुरुस्त करतील. आणि दुरुस्त करायला पाटी पाठ असावी लागते.

बाईंना हे पत्र वाचायला दे. त्यांची माणसं इथे पाठवायला सांग, साध्या कपड्यांत. माझ्या खोलीला लागून सामानाची खोली आहे, मध्ये नुसती फळ्यांची भिंत. बाबांना मी सगळं सांगितलंय. ते एवढंच म्हणाले, "लिही." रेक्टरांना तेच सांगणार आहेत.

आले नाहीत तर घरी जाऊन धरा. पण मला वाटतं येतील.

बोका


सोमवार, ता. १८

प्रिय बोक्या,

अप्पा घरी आले. शनिवारी संध्याकाळी इन्स्पेक्टरबाई स्वतः गाडीतून सोडायला आल्या. दारातच म्हणाल्या, "माझी चूक झाली." अप्पा म्हणाले, "तुमचं काम होतं." आणि लगेच मला विचारलं, "पंप बंद केला होतास का?" केला होता. आईला रडावं की हसावं कळेना, तिने दोन्ही केलं.

रात्री मी त्यांच्याजवळ जाऊन बसले. म्हणाले, अप्पा, माझ्यामुळे झालं. ते म्हणाले, "तू खरं तेच सांगितलंस. आम्ही तसंच मोजतो." मग बराच वेळ माझ्या डोक्यावर हात ठेवून बसले. मला वाटत होतं ते रागावतील तर बरं. रागावले नाहीत.

काल सामना झाला. अप्पांनी सकाळी रेघा मारल्या, मी दोरी धरली. अख्ख्या मैदानाला कुत्री, पोलीस, तपासणी, पण रेघा मात्र सरळ. चौथ्या कोपऱ्यात पोचलो तेव्हा ते क्षणभर थांबले, गॅलरीकडे बघितलं आणि म्हणाले, "ट्रॅक उखडायच्या दिवशी हा माणूस इथेच उभा होता. मी त्याला चहा विचारला, तो नको म्हणाला. मग मी कामाला लागलो." एवढंच. पुढे सरकलो.

शाळेची सगळी मुलं त्या गॅलरीत बसली होती. मीही तिथेच बसले. दोनशे तरी असू. कोण जिंकलं ते मला विचारू नकोस, मी सामना बघितलाच नाही. मी आजूबाजूची मुलं बघत होते.

तुझ्याकडे काय झालं ते बाईंनी थोडक्यात सांगितलं. पण मला तुझ्याकडून ऐकायचंय. घाई नाही. जमेल तेव्हा लिही, आणि लांबलचक लिही.

मी तुझ्यावर रागावले नाहीये. हे तुला माहीत असेल, तरी लिहिते.

तुझी,
मुंगी


बुधवार, ता. २७

प्रिय मुंगे,

उशीर झाला. लिहायला बसलो की हात थांबायचा.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर सर आले. सामानाच्या खोलीत बाई आणि आणखी दोघं होते, आणि मला त्यांचा श्वास ऐकू येतोय असं सारखं वाटत होतं. सर नेहमीच्या खुर्चीवर बसले. खिशातून माझी चिठ्ठी काढली, तिची घडी उलगडून गुडघ्यावर सपाट केली. मग बोट ठेवून म्हणाले, "पाचवा शब्द 'आत' आहे. 'यावे' सहावा. घाईत मोजतोस तू, मी किती वेळा सांगितलंय."

मी म्हणालो, "हो सर."

मग त्यांचं त्यांनाच कळलं. माझ्याकडे बघितलं, फळ्यांच्या भिंतीकडे बघितलं. उठले नाहीत. मला वाटलं होतं ओरडतील, किंवा निघून जातील. ते म्हणाले, "मुद्दाम चुकवलंस?" मी पुन्हा हो म्हणालो. ते म्हणाले, "बरं केलंस." याचा अर्थ मला अजून नीट लागलेला नाही.

बाई आत आल्या तेव्हा त्यांनी स्वतःहून सांगितलं. डबा त्यांच्या घरी पेटीत होता, रविवारी सकाळी ठेवायचा होता. म्हणाले, माणसं मारायची नव्हती, सामना होऊ द्यायचा नव्हता, म्हणूनच कागद लिहिले, म्हणजे मुलांना कुणी तिथे बसवणार नाही. मी म्हणालो, "सर, पोलीस भलत्याच कोपऱ्यात खणत होते. मुलं बसणारच होती. तुम्हाला ते माहीत होतं, आणि तरी तुम्ही फक्त मुंगीला उठवलंत." त्यांनी चिठ्ठीची पुन्हा घडी घातली. मला त्यांचा एवढा राग कधी आला नव्हता, आणि त्याच क्षणी त्यांनी उठून निघून जाऊ नये असंही वाटत होतं. मग मी रडलो. बाईंसमोर आणि त्या दोघांसमोर, लाज न वाटता.

त्यांनी विचारलं, "अप्पा आज सुटतील ना?" बाई हो म्हणाल्या. मग बाईंना म्हणाले, दोन मिनिटं द्या. बाईंनी दिली. सर खाली वाकले, प्लास्टरच्या वरचा माझा पाय चाचपला आणि मला सगळं सांगितलं. प्लास्टर निघालं की पहिले काही दिवस नुसता घोटा फिरवायचा. मग भिंतीला धरून टाचा उचलायच्या. मग पाण्यात चालायचं. डॉक्टर हो म्हणाले तरी महिनाभर वळणावर धावायचं नाही, फक्त सरळ, कारण वळणावर आतल्या पायावर जोर येतो. म्हणाले, "म्हणून दाखव." मी म्हणून दाखवलं. एका ठिकाणी चुकलो, त्यांनी दुरुस्त केलं. मग ते बाईंबरोबर गेले.

इथली मुलं मला शाबासकी देतात. रेक्टरांनी सभेत माझं नाव घेतलं. उंच उडीवाल्याने स्वतःची चादर मला दिली, का ते त्यालाच माहीत. मी सगळ्यांना बरं म्हणतो. अप्पा घरी आहेत, तू त्या गॅलरीत बसून घरी आलीस, एवढं आठवलं की मी केलं ते बरोबर होतं हे कळतं. पुन्हा वेळ आली तरी तेच करीन. तरी बुधवार उजाडला की दाराकडे लक्ष जातं.

काल प्लास्टर निघालं. पाय काडीसारखा झालाय. इथल्या नव्या प्रशिक्षकांनी व्यायामाचा छापील कागद दिलाय, चांगला आहे, चित्रंसुद्धा आहेत. मी तो नीट घडी करून ठेवला. आज सकाळपासून मी घोटा फिरवतोय, सरांनी सांगितला तसाच. दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून धावायला मला अजून येत नाही.

तुझा,
बोका